प्रवाळाला उजेड किती? रीफ टँकवरच्या दिव्याची पावणेदोनशे वर्षे

१/
घरातल्या रीफ टँकवर, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीवर, नवा दिवा बसवला जातो. जुना दिवा पांढरा आणि लख्ख होता. नवा एलईडी निळसर आणि डोळ्यांना मंद वाटतो. मंद वाटतो म्हणून तो पूर्ण क्षमतेने लावला जातो. दोन-तीन आठवड्यांत प्रवाळाचा तपकिरी रंग उतरतो, आतला चुनखडीचा पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि उजेड कमी पडला असे समजून मालक आणखी एक दिवा घेऊन येतो.

२/
प्रत्यक्षात ते प्रवाळ जास्त उजेडाने पोळलेले असते. माणसाच्या डोळ्याने दिलेली साक्ष येथे खोटी ठरते. हौशी मत्स्यपालकांच्या जगात ही चूक आजही नित्याची आहे. तिचे मूळ मात्र एलईडीपेक्षा फार जुने आहे. ते शोधायचे तर १८४६ सालच्या लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या एका धर्मगुरूच्या घरी जावे लागते.

३/
या धर्मगुरूंच्या पत्नी ॲना थिन त्या वर्षीच्या शरद ऋतूत डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे गेल्या होत्या. किनाऱ्यावरच्या खडकांत त्यांना पेल्याच्या आकाराची चिमुकली प्रवाळे आढळली. ती जिवंत लंडनला नेण्याचा त्यांनी ध्यास घेतला. प्रवासात ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचली आणि समुद्राचे पाणी भरलेल्या दगडी बरणीत ठेवली.

४/
लंडनमध्ये समुद्राचे पाणी रोज ताजे मिळणे शक्य नव्हते. मग तेच पाणी उघड्या खिडकीसमोर या भांड्यातून त्या भांड्यात ओतले जाऊ लागले, म्हणजे त्यात हवा मिसळत राहील. रोज अर्धा-पाऊण तास चालणारे हे काम घरातल्या मोलकरणीच्या वाट्याला आले. (इतिहासाने थिनबाईंचे नाव जपले. पाणी ओतणारीचे नाव जपण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही.) प्रवाळे जगली, त्यांची संख्याही वाढली, आणि १८५९ मध्ये त्या वाढीवरचा थिन यांचा लेख प्रसिद्ध झाला.

५/
या यशातच एक मोठी दिशाभूल दडलेली होती. इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरचे हे पेलाप्रवाळ उजेडावर जगत नाही. ते आपल्या स्पर्शकांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. नवरत्नांतले आपल्या परिचयाचे पोवळेही असेच: भूमध्य समुद्रातल्या कपारींमध्ये, अंधुक उजेडात वाढणारे. उष्ण कटिबंधातली, चुनखडीचे डोंगर रचणारी प्रवाळे मात्र सर्वस्वी वेगळ्या रीतीने जगतात. घरात पाळलेले पहिले प्रवाळ नेमके उजेडाची गरज नसलेले निघाले, आणि त्यावरून मिळालेला धडा पुढे शंभर वर्षे गिरवला गेला: पाणी स्वच्छ हवे, हवा खेळती हवी, अन्न हवे, उजेड काय, पाहणाऱ्याच्या सोयीसाठी.

६/
याच काळात इंग्लंडमध्ये मत्स्यालयांची लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पती यांचा समतोल साधला तर पाणी न बदलताही टिकते, हे दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी ‘फिश हाउस’ उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि मध्यमवर्गीय घरांच्या खिडक्यांत काचपेट्या दिसू लागल्या.

७/
खिडकीत ठेवलेल्या या पेट्यांनी उजेडाचे नाव खराब केले. चारही बाजूंनी ऊन आत शिरे, पाणी तापे, काचेवर हिरवे शेवाळ चढे आणि काही दिवसांत आतले काहीच दिसेनासे होई. समुद्रात उजेड वरून येतो, बाजूने येत नाही, हे वॉरिंग्टन यांच्या ध्यानात आले. त्यांनी उतरत्या पाठीची, मागून-बाजूंनी बंद टाकी बनवून घेतली. दिवा कोठे असावा याचा विचार मत्स्यालयाच्या इतिहासात बहुधा येथूनच सुरू झाला. तो विचार उजेड आवरण्याचा होता, पुरवण्याचा नव्हता.

८/
विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी हा विचार टोकाला नेला. मत्स्यालयाचे साहित्य विकणारा हा दुकानदार पुढे युरोपातल्या सार्वजनिक मत्स्यालयांचा प्रमुख रचनाकार झाला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांखाली मोठा अंधारा हौद बांधला. पाणी सतत त्या अंधारातून फिरून वर येई, म्हणजे शेवाळाचा जोर मोडे. प्रेक्षक काळोख्या दालनात उभे राहत आणि समोरच्या टाकीवर वरून प्रकाशाचा झोत पडे, अगदी नाटकाच्या रंगमंचासारखा. आजही बहुतेक सार्वजनिक मत्स्यालयांची मांडणी अशीच असते. त्या रंगमंचावर उष्ण समुद्रातले प्रवाळ आणले तर ते का टिकेना, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते.

९/
उत्तराचा एक तुकडा जर्मनीत मिळाला. समुद्रफुले आणि तत्सम प्राण्यांच्या शरीरात पिवळसर-तपकिरी पेशी दिसत. त्या प्राण्याच्या स्वतःच्या नसून आत राहणाऱ्या शैवालाच्या आहेत, असे मांडत कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये त्यांना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. प्राण्याच्या पोटी वनस्पतीसारखा जीव! पण हा भाडेकरू घरमालकाला काय देतो, यावर पुढची सत्तर-ऐंशी वर्षे वाद चालला.

१०/
त्या वादातला सर्वांत रंजक अंक १९२८–२९ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या लो आइल्स या बेटांवर घडला. मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ग्रेट बॅरियर रीफचा अभ्यास करण्यासाठी तेथे सुमारे वर्षभर राहिली. त्यांनी जिवंत प्रवाळे उजेड शिरणार नाही अशा पेट्यांत कोंडली. आतले शैवाल नाहीसे झाले, प्रवाळे फिकी पडली, तरी मेली नाहीत. तोंडी दिलेले अन्न ती खात राहिली.

११/
यावरून यंग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे आणि शैवाल त्याला अन्न पुरवत नाही, फार तर त्याचा मळ उचलते. प्रयोग नेटका, नोंदी प्रामाणिक, आणि निष्कर्ष चुकलेला. काही काळ उपाशी राहून माणूसही जिवंत असतो. त्यावरून त्याला जेवणाची गरज नाही असे ठरत नाही. यंग यांची प्रतिष्ठा इतकी मोठी होती की हे मत दीर्घकाळ टिकून राहिले.

१२/
दुसरी बाजू प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर उलगडत होती. तेथे तेव्हा जपानची सत्ता होती आणि १९३४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोरोर येथे उष्ण कटिबंधीय जीवशास्त्राचे केंद्र उभारले होते. सिरो कावागुती यांनी तेथे प्रवाळ आणि प्रकाश यांचे नाते चिकाटीने तपासले. प्रवाळातले शैवाल वेगळे काढून ते कोणत्या गटातले आहे, हे त्यांनी १९४४ मध्ये ओळखले. साल पाहिले की लक्षात येते, असे संशोधन त्या वेळी जगभर पोहोचणार तरी कसे? पलाऊच्या आसमंतात तेव्हा तोफा धडधडत होत्या.

१३/
निर्णायक पुरावा किरणोत्सारी अणूंनी दिला. १९५८ मध्ये लिओनार्ड मस्कॅटिन आणि कॅडेट हँड यांनी कार्बन-१४ वापरून दाखवले की शैवालाने उजेडात तयार केलेले अन्न समुद्रफुलाच्या ऊतींत उतरते. पुढच्याच वर्षी जमैकातल्या टॉमस गोरो यांनी कॅल्शियम-४५ च्या साहाय्याने सिद्ध केले की प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा उजेडात अधिक वेगाने रचते; अंधारात ते काम मंदावते. आता चित्र स्पष्ट झाले. रीफ टँकवरचा दिवा हा दिवाणखान्यातला दिवा नव्हे, ती प्रवाळाची चूल आहे.

१४/
हे ज्ञान घराघरांतल्या काचपेट्यांपर्यंत पोहोचायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. १९५० आणि ६० च्या दशकांत खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत रंगीत मासे असत आणि त्यांच्यामागे शोभेसाठी प्रवाळाचे पांढरेशुभ्र सांगाडे. शेवाळ चढले की हे सांगाडे काढून, ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन परत ठेवले जात. वर एखादी ट्यूबलाइट. प्रवाळाच्या मृत्यूचाच हा देखावा ‘समुद्रासारखा’ म्हणून कौतुकाने पाहिला जाई.

१५/
जिवंत प्रवाळे राखण्यात पहिले यश आले ते उष्ण कटिबंधात, जेथे चूल फुकट पेटते. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ येथे रने कातला यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय उघडले. समुद्राचे ताजे पाणी आणि नैसर्गिक उजेड यांवर त्यांची प्रवाळे वाढली. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली ‘निसर्गपद्धत’ मांडली: समुद्रातून उचललेले जिवंत खडक, हवेचे बारीक बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. यंत्रे जवळजवळ नाहीतच. युरोप-अमेरिकेतल्या वाचकांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली आणि अनेकांच्या टाक्या कोसळल्या. बाकी सगळ्याची नक्कल करता येत होती. जकार्ताचे ऊन मात्र मागवता येत नव्हते.

१६/
ज्यांच्यापाशी ऊन नव्हते त्यांनीच अखेर दिव्याचा प्रश्न सोडवला. जर्मनीत हिवाळ्याचा दिवस आठ तासांचा आणि तोही ढगाळ. १९७३ मध्ये पेटर विल्केन्स यांचे उष्ण समुद्रातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या पालनावरचे जर्मन पुस्तक आले आणि हौशी मंडळींचे लक्ष माशांवरून प्रवाळांकडे वळले. बर्लिनमधल्या मंडळींनी पुढे जी रीत घडवली तिला जगभर ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात: जिवंत खडक, फेसातून मळ काढणारा स्किमर, चुन्याची निवळी, आणि डोक्यावर मेटल हॅलाइडचा प्रखर दिवा.

१७/
हा दिवा प्रवाळांसाठी जन्मला नव्हता. गिल्बर्ट रायलिंग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो विकसित केला आणि १९६२ मध्ये तो जगापुढे आला. त्याची जागा क्रीडांगणे, कारखाने आणि रस्ते. एखाद्या बर्लिनकराने स्टेडियमचा दिवा उचलून दिवाणखान्यातल्या काचपेटीवर टांगावा, हा प्रकार शेजाऱ्यांना वेडेपणाचाच वाटला असणार. पण त्या प्रखर झोताखाली डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांसारखे वाढणारे अवघड प्रवाळ, वाढू लागले. त्याच्या तोडलेल्या फांद्या या घरातून त्या घरात रुजत गेल्या. तुळशीच्या मंजिऱ्या शेजारीपाजारी वाटाव्यात तशा. आज हौशी वर्तुळात प्रवाळांचे तुकडे वाटण्या-विकण्याची जी पद्धत आहे, तिची एक मुळी तेथे आहे.

१८/
स्टेडियमच्या दिव्याची किंमतही मोजावी लागली. दोनशे-चारशे वॅटचे हे दिवे पाणी तापवत, म्हणून पाणी गार करायला आणखी एक यंत्र लागे. विजेचे बिल दुहेरी वाढे. वर्षभरात दिव्याचा रंग सरकू लागे, म्हणून तो चालू असतानाच बदलावा लागे. शिवाय त्याचा पिवळसर पांढरा उजेड समुद्रासारखा दिसत नसे. ही उणीव भरायला मत्स्यपालकांनी आणखी एक परका दिवा उसना घेतला: ४२० नॅनोमीटरच्या आसपास चमकणारी निळी-जांभळी ‘ॲक्टिनिक’ ट्यूब. ती मुळात अभियंत्यांच्या आराखड्यांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांसाठी होती.

१९/
निळ्याचा हा सोस निव्वळ हौस नव्हती. पाणी उजेडातला तांबडा भाग आधी गिळते. दहा मीटर खोलीवर तांबडे जवळपास संपलेले असते आणि त्याखाली निळ्याचेच राज्य असते. याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत अरबी समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर आहे. तेथली प्रवाळे जन्मभर निळ्या उजेडातच जगतात आणि त्यांच्यातले शैवालही निळा भाग टिपण्यात तरबेज असते.

२०/
१९९० च्या दशकात बाजारात दिव्यांची गर्दी झाली आणि तीबरोबर दाव्यांचीही. कोणता घ्यावा? दहा हजार केल्व्हिनचा की वीस हजारांचा? केल्व्हिनचा आकडा रंगाचा बोध करून देतो, प्रवाळाच्या पोटात किती पडेल हे सांगत नाही. तरी खरेदी त्या आकड्यावरच होई. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि स्वतः मत्स्यपालक असलेले संजय जोशी यांनी मग एक कंटाळवाणे आणि अत्यंत उपयोगी काम हाती घेतले: एकेक मेटल हॅलाइड दिवा, एकेक चोक आणि एकेक परावर्तक जोडून त्यांच्या उजेडाचे यंत्राने मोजमाप. एकच दिवा वेगळ्या चोकवर वेगळा वागतो, हे त्या तक्त्यांतून उघड झाले. जाहिरातीच्या जागी मोजमाप बसवणारे हे तक्ते या छंदाच्या इतिहासातले महत्त्वाचे दस्तऐवज मानायला हवेत.

२१/
मोजायचे कशाने, हा प्रश्नही साधा नव्हता. लक्समीटर माणसाच्या डोळ्याला प्रमाण मानतो. १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने डोळ्याच्या संवेदनशीलतेचा जो आलेख प्रमाणित केला, त्याचे शिखर ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या उजेडावर आहे. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याला त्या आलेखात शिखराच्या चार टक्क्यांहूनही कमी वजन मिळते. म्हणजे तेवढ्याच शक्तीचा निळा दिवा डोळ्याला आणि लक्समीटरला अगदी मिणमिणता भासतो. प्रवाळातले शैवाल त्याच उजेडावर भरपेट जेवत असते.

२२/
सुटका शेतीशास्त्राने केली. टेक्ससमधील कीथ मॅक्क्री यांनी २२ जातींच्या पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकून प्रकाशसंश्लेषण मोजले आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजण्याची ‘पार’ ही पद्धत त्यातून पक्की झाली. गहू-मक्यासाठी घडलेले हे माप मत्स्यपालकांनी उसने घेतले. भर दुपारी उष्ण कटिबंधातल्या समुद्रपृष्ठावर हा आकडा २००० च्या घरात असतो. रीफ टँकमध्ये मऊ प्रवाळांना साधारण शंभर आणि ॲक्रोपोरासारख्यांना दोनशे ते साडेतीनशे पुरतो. गंमत अशी की सुरुवातीचे स्वस्त पारमीटरही निळ्या टोकाला कमी आकडा दाखवत. डोळा फसवत होताच, त्यात साक्षीदारही थोडा तिरळा निघाला.

२३/
तेवढ्यात दिवाच बदलला. नोव्हेंबर १९९३ मध्ये जपानच्या तोकुशिमा प्रांतातल्या निचिया कंपनीने शुजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला. या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. जगाला त्या निळ्यातून पांढरा दिवा हवा होता. प्रवाळपालकांना तो निळाच हवा होता! २००६ मध्ये रीफ टँकसाठी बनवलेला ‘सोलारिस’ हा एलईडी दिवा अमेरिकेत आला. पण २००७ मध्ये समुद्री मत्स्यालयावर एलईडी लावण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट अंतराळातल्या वनस्पतींसाठी दिवे बनवणाऱ्या एका कंपनीला मिळाले आणि काही वर्षे उत्पादक बिचकून राहिले. चीनमधून स्वस्त दिवे आल्यावर मात्र हा दिवा घरोघर पोहोचला.

२४/
निळ्या एलईडीखाली प्रवाळ नुसते वाढत नाही, चमकते. त्याच्या अंगातली प्रथिने निळा उजेड घेऊन हिरवा, नारिंगी, तांबडा उजेड बाहेर टाकतात. कातला यांनी हा चमत्कार अतिनील दिव्याखाली १९५८ मध्येच नोंदवला होता. १९९९ मध्ये मॉस्कोतल्या मिखाईल मात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मत्स्यालयातल्या अशाच प्राण्यांतून तांबडे चमकणारे प्रथिन वेगळे केले. ‘डीएसरेड’ या नावाने ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींतल्या हालचाली पाहण्यासाठी वापरले जाते. शोभेच्या टाकीने जीवशास्त्राला दिलेली ही देणगी लहान नाही. तरी एक खंतही नोंदवावी लागते. अनेक घरगुती टाक्या आता नाचगाण्याच्या दालनासारख्या जांभळ्या दिसतात. उजेड पुन्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठीच लावला जातो आहे, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावला जाई तसाच.

२५/
आरंभीचे पोळलेले प्रवाळ आता नीट समजू शकते. प्रमाणाबाहेर प्रकाशकण मिळाले की शैवालाची यंत्रणा तुंबते, घातक ऑक्सिजनची संयुगे साठतात आणि प्रवाळ आपल्याच भाडेकरूला हाकलते. समुद्र तापल्यावर होणाऱ्या विरंजनातही मुळाशी हाच बिघाड असतो. उष्णतेने यंत्रणा आधीच दुबळी होते आणि रोजचे ऊनही तिला जड जाते. म्हणून जाणते मत्स्यपालक नवा दिवा घेताना वॅट आणि केल्व्हिन बाजूला ठेवतात. जुन्या दिव्याखाली टाकीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पार मोजून ठेवतात, नवा दिवा त्याच आकड्यावर किंवा खाली बसवतात आणि आठवड्यागणिक थोडा थोडा चढवतात. डोळ्याला अंधार वाटला तरी हात आवरतात.

२६/
भारतात या छंदाला कायद्याची स्पष्ट चौकट आहे. खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आली, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून तोडून आणलेला तुकडा टाकीत असणे हा गुन्हा आहे. दिवा कितीही उत्तम असो.

२७/
दिव्याचे सर्वांत अवघड काम लंडनमध्येच सुरू झाले, थिन यांच्या घरापासून काही मैलांवर. चहाचे व्यापारी फ्रेडरिक हॉर्निमन यांनी उभारलेल्या संग्रहालयाच्या मत्स्यालयात २०१२ मध्ये जेमी क्रॅग्ज यांनी ‘प्रोजेक्ट कोरल’ हाती घेतला. निसर्गात अनेक प्रवाळे वर्षातून एकदा, ठरावीक पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, एकाच वेळी बीजांडे आणि शुक्राणू सोडतात. बंद टाकीत हे घडवायचे तर दिव्याने नुसते ऊन देऊन भागत नाही. संगणकाने चालणाऱ्या दिव्यांनी ग्रेट बॅरियर रीफ आणि सिंगापूर येथील दिवसाची लांबी, ऋतूंचे चढउतार आणि चंद्राच्या कला हुबेहूब वठवायच्या होत्या. २०१७ मध्ये या पद्धतीचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रवाळांनी लंडनच्या इमारतीतल्या खोट्या चंद्राचा हिशेब खरा मानला होता.

२८/
त्या निबंधाची गरज लगेच पडली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ पासून दगडी प्रवाळांच्या ऊती गळून पडण्याचा रोग पसरत होता आणि खांबप्रवाळ ही जात तेथून नाहीशी होत चालली होती. उरलेले तुकडे काढून फ्लोरिडा ॲक्वेरियमच्या अपोलो बीच येथील टाक्यांत आणले गेले. हॉर्निमनच्या पद्धतीने वर्षभर दिव्यांचे ऋतू आणि चंद्र फिरवल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये, प्रयोगशाळेत प्रथमच, खांबप्रवाळांनी आपले बीज पाण्यात सोडले.

२९/
अशा रात्री टाक्यांच्या खोलीत दिवे नसतात. बाहेरच्या मार्गिकेतल्या ट्यूबलाइटची एक तिरीप जरी आत आली तरी प्रवाळांचा चंद्र चुकू शकतो, म्हणून टाक्यांभोवती काळे जाड पडदे सोडलेले असतात. संशोधक कपाळाला बांधलेल्या तांबड्या दिव्याच्या उजेडात बोटे चाचपडत काम करतात. प्रवाळाला तो रंग फारसा जाणवत नाही. त्यांनाही त्या उजेडात फार थोडेच दिसते.